स्कॅन प्रतिमांचे रंग-प्रोफाइल : वेबसाठी तयारी

स्कॅनरने टिपलेले रंग पाहणाऱ्याच्या पडद्यावर होता होईल तो मूळ चित्रासारखेच दिसावेत, यासाठी फाइलमधील रंग-प्रोफाइल सांभाळण्याची पद्धत. स्कॅन केलेल्या फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. त्या आकड्यांचा नेमका रंग कोणता, हे प्रोफाइल सांगते. प्रोफाइलचा सामाईक आराखडा १९९३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियमने (आयसीसी) घालून दिला. वेबवर रुळलेले एसआरजीबी हे रंगावकाश (आकड्यांनी दाखवता येणाऱ्या रंगांची ठरलेली कक्षा) ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडले. १९९९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

स्कॅनरचे प्रोफाइल आयटी८ या रंगचौकटींच्या प्रमाणित तक्त्यावरून बनवतात. या तक्त्यातील प्रत्येक चौकटीचा रंग आधीच मोजलेला असतो. स्कॅनरने दिलेले आकडे त्या मोजमापाशी ताडून पाहिले जातात. प्रोफाइल बनवताना आपोआप होणारी रंगदुरुस्ती बंद ठेवावी आणि पुढचे स्कॅनही त्याच सेटिंगवर करावेत, नाहीतर प्रोफाइल निरुपयोगी ठरते. कागदासाठी आणि पारदर्शिकांसाठी (स्लाइड) तक्ते वेगळे असतात. रंगीत निगेटिव्हना ही पद्धत नीट लागू पडत नाही.

सर्वाधिक गोंधळ होतो तो प्रोफाइल लावणे आणि प्रोफाइलमध्ये रूपांतर करणे या दोन क्रियांत. लावताना आकडे तसेच राहतात, रंग बदलतो. रूपांतरात रंग टिकवण्यासाठी आकडे बदलतात. ॲडोबी आरजीबी या एसआरजीबीहून मोठ्या रंगावकाशातील २१९, ०, ० हा लाल एसआरजीबीत रूपांतरित केला की २५५, ०, ० होतो आणि दिसायला तोच राहतो. त्याच फाइलला नुसते एसआरजीबी लावले, तर आकडा २१९ वरच राहतो आणि लाल काळपट पडतो. म्हणून स्कॅनला आधी स्कॅनरचे प्रोफाइल लावायचे आणि मग एसआरजीबीत रूपांतर करायचे. मॉनिटरचे प्रोफाइल प्रतिमेत कधीही घालू नये. ते त्या एका पडद्यापुरतेच असते.

रूपांतरात एसआरजीबीच्या कक्षेबाहेरचे रंग कापले जातात. गडद निळसर-हिरव्या भागात हे चटकन जाणवते : छटा एकसारख्या होतात आणि आतले बारकावे बुजतात. त्यामुळे दर चॅनेलला (लाल, हिरवा, निळा यांपैकी प्रत्येकाला) १६ बिटची, म्हणजे छटांच्या अधिक बारीक पायऱ्या असलेली, मूळ टिफ फाइल स्कॅनरच्या प्रोफाइलसह जपून ठेवावी आणि वेबची प्रत तिच्यावरून काढावी. रंगदुरुस्ती व रूपांतर १६ बिटमध्येच उरकावे, ८ बिट शेवटी. आधीच ८ बिट केल्यास आकाशासारख्या सलग छटांत पट्टे उमटण्याचा धोका वाढतो.

जेपेग किंवा पीएनजी साठवताना एसआरजीबी प्रोफाइल आतच ठेवावे. त्याने फाइल जेमतेम काही किलोबाइटने वाढते. अनेक संकेतस्थळे फाइल चढवताना मेटाडेटासोबत (फाइलविषयीची जोडमाहिती) प्रोफाइलही काढून टाकतात. आताचे ब्राउझर प्रोफाइल नसलेली प्रतिमा सहसा एसआरजीबी मानतात, त्यामुळे रूपांतरित फाइल तरीही ठीक दिसते. ॲडोबी आरजीबीतील फाइल मात्र फिकी पडते.