मराठी मजकूर कापला जातोय, चित्र अक्षरांवर चढतंय?

आपल्या वेबसाइटची पानं स्वतः बदलणाऱ्या ग्राहकांसाठी

तयार टेम्प्लेटमधल्या चौकटी बहुधा इंग्रजीच्या मापाने आखलेल्या असतात. मराठी अक्षराला वर आणि खाली जास्त जागा लागते. ‘गणेशमूर्तींची नोंदणी सुरू’ हे शीर्षक जरा मोठं करून पाहा. ‘र्तीं’वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार अशी तिघांची दाटी होते, तर ‘मू’ आणि ‘सु’ यांचे उकार ओळीखाली उतरतात. टेम्प्लेटची लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची अक्षराच्या किती पट ते, १.२ असेल, तर ३२ पिक्सेलच्या अक्षराला जेमतेम ३८ पिक्सेलची ओळ मिळते. मग वरच्या ओळीचा उकार खालच्या रफाराला भिडतो. चौकटीचा ओव्हरफ्लो ‘हिडन’ असेल, म्हणजे बाहेर येणारा भाग लपवायचा असं ठरवलेलं असेल, तर वेलांटीचा माथाच छाटला जातो.

शीर्षकाला १.५ आणि सलग मजकुराला १.७ लाइन-हाइट द्या. आकडा पिक्सेलमध्ये लिहू नका, नुसताच लिहा. म्हणजे अक्षर मोठं केलं की ओळींमधलं अंतरही त्याबरोबर वाढतं.

लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, मात्र शून्यच ठेवा. इंग्रजी शीर्षक अक्षरं फाकवून छान दिसतं. मराठीत एक-दोन पिक्सेलनेही शिरोरेघेला खाचा पडतात आणि शब्द विस्कटलेला वाटतो. मोकळेपणा हवा असेल तर अक्षराचा आकार वाढवा.

दोन परिच्छेदांत अंतर हवं म्हणून रिकामे एंटर मारू नका, फोनवर तिथे खिंडारं दिसतात. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये खालचा मार्जिन (मोकळी जागा) द्या, वरचा शून्य ठेवा. वर-खाली दोन्ही दिले तर हिशेब चुकतो: एकाखाली २४ आणि दुसऱ्यावर १६ पिक्सेल असतील तर एरवी अंतर ४० नव्हे, २४ च राहतं, कारण मोठा मार्जिन लहानाला पोटात घेतो. वर्डमधून मजकूर आणताना कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबा. नाहीतर तिकडचा फॉन्ट आणि तिकडचं अंतर सोबत येतं.

आता चित्रं. संगणकावर एका ओळीत बसणारं शीर्षक ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर तीन ओळींचं होऊ शकतं. चौकटीची उंची १२० पिक्सेल पक्की बांधलेली असेल, तर ३२ पिक्सेलच्या अक्षराच्या दोन ओळी, म्हणजे ९६ पिक्सेल, आत मावतात. तिन्ही ओळींना १४४ लागतात. तिसरी बाहेर सांडते आणि खालच्या फोटोवर किंवा बटणावर जाऊन बसते. उपाय सोपा आहे: ‘हाइट’ काढून ‘मिन-हाइट’ (किमान उंची) द्या, चौकट मजकुराबरोबर वाढेल.

माउसने ओढून हवं तिथे ठेवलेल्या चित्राला सॉफ्टवेअर अनेकदा ‘ॲब्सोल्यूट’ पोझिशन देतं. अशा चित्रासाठी मजकूर सरकून जागा करत नाही, आणि मजकूर वाढला की चित्र त्यावर चढतं. म्हणून ही पोझिशन सजावटीच्या कोपऱ्यांपुरतीच वापरा. फोटो आणि मजकूर शेजारी हवे असतील तर दोन रकान्यांचा विभाग घ्या.

झेड-इंडेक्स, म्हणजे कोण वर आणि कोण खाली हे ठरवणारा आकडा, ९९९९ करूनही चित्र मागेच राहत असेल, तर आकडा आणखी वाढवून उपयोग नाही. त्याच्या बाहेरच्या विभागाला पारदर्शकता किंवा ॲनिमेशन दिलंय का पाहा. दिलं असेल तर तो विभाग पाकिटासारखा वागतो: आतला कागद कितीही वर ठेवला तरी पाकीट खाली असेल तर तोही खालीच. झेड-इंडेक्स त्या विभागाला द्या.

बटण दिसतं पण दाबलं जात नाही, याचं कारणही पुष्कळदा वर चढलेलं चित्रच. पीएनजी चित्राचा पारदर्शक भाग त्यावर पसरलेला असतो. चित्राची रिकामी कड कापून पुन्हा चढवा.

पान प्रसिद्ध करण्यापूर्वी ब्राउझरची खिडकी अरुंद करून ते वरपासून खालपर्यंत पाहा आणि एकदा २०० टक्के मोठं करून पाहा. तरीही काही अडलं, तर पानाचा पत्ता, स्क्रीनशॉट आणि फोन की संगणक एवढं कळवा. शेवटचा बदल कोणता केला होता तेही लिहा. चूक शोधताना तेच सर्वांत आधी कामी येतं.