पिशवी, मांजा आणि नारळ: लोकल कशाकशाने अडते

पहिला मोठा पाऊस झाला की सायन-कुर्ल्याच्या मधे पाणी भरतं, इंडिकेटर ढिम्म हलत नाही आणि सगळा प्लॅटफॉर्म रेल्वेला शिव्या घालतो. रेल्वेची चूक नसतेच असं मी म्हणत नाही, पण रुळाखालच्या मोरीतून काय निघतं ते एकदा बघा. दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, थर्माकोल, गुटख्याच्या पुड्या, फाटकी गादीसुद्धा. पावसाळ्याआधी हा सगळा गाळ-कचरा उचलायला रात्री 'मक स्पेशल' गाडी फिरते, आणि तिची पाठ वळली की शेजारच्या भिंतीवरून परत पिशवी येऊन पडते.

1853 ला बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली तेव्हा कोळशाचं इंजिन होतं, वर तार नाही, त्यामुळे कुणी पतंग उडवला काय नि चादर वाळत घातली काय, गाडीला फरक पडत नव्हता. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली, तेव्हा तारेत 1500 व्होल्ट डीसी होतं. मग 2012 ला पश्चिम, 2015 ला मध्यची मेन लाइन आणि 2016 ला हार्बर असं करत सगळं 25,000 व्होल्ट एसीवर गेलं. आता संक्रांतीत ओला किंवा धातूची भुकटी लावलेला मांजा त्या तारेला लागला तर दुसऱ्या टोकाला धरलेल्या पोराचा जीव जाऊ शकतो. वाऱ्याने उडालेली ताडपत्री पेंटोग्राफमध्ये, म्हणजे तारेतून वीज घेणाऱ्या गाडीच्या टपावरच्या सांगाड्यात गुंतली की वीज बंद करून, टॉवर वॅगन (तारेपर्यंत पोचायची दुरुस्तीची गाडी) आणून, ती काढेपर्यंत मागे गाड्यांची रांग लागते.

खाली पण तेच. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते त्या सांध्यात साधा दगड किंवा बाटली अडकली तरी रूळ नीट जुळत नाही, आणि तो जुळून लॉक झाल्याशिवाय सिग्नल मिळतच नाही, म्हणजे ते अडकलेलं काढायला माणूस तिथवर चालत जाईपर्यंत हजारो लोक खोळंबणार.

प्लास्टिकचं नाव खरं गाजलं ते 26 जुलै 2005 नंतर. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, इतक्या पावसात शहर बुडणारच होतं, पण तुंबलेल्या नाल्यांनी ते जास्त बुडवलं. त्यानंतर 50 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, 2018 ला आणखी कडक बंदी आली, तरी भाजीवाल्याकडे पातळ पिशवी अजून मिळतेच.

आणि निर्माल्य. भाईंदर-नायगावच्या खाडीपुलावर गाडी आली की दारातले लोक पिशवी भिरकावतात, हात जोडतात, वर्षानुवर्षं चाललंय. खालच्या पाणजू बेटाला रस्ता नाही, होडी नसेल तेव्हा तिथली माणसं पुलाच्या कडेच्या अरुंद पट्टीवरून चालत जातात. सप्टेंबर 2025 मध्ये अशाच चालणाऱ्या एका तरुणाच्या डोक्यात धावत्या गाडीतून फेकलेला नारळ बसला आणि तो गेला. ज्याने फेकला तो पुढच्या स्टेशनला उतरून घरी गेला असेल, त्याला कदाचित कळलंही नसेल.