वाफसा मोजणारे घरगुती यंत्र

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत पाणी देण्याची वेळ झाली की नाही, हे ठरवण्यासाठी शेतकरी वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबून पाहतो. गोळा झाला आणि हलक्या दाबाने फुटला तर वाफसा, म्हणजे बेताची ओल, आहे, हाताला चिकटला तर जमीन अजून ओली आहे आणि गोळाच होत नसेल तर पाणी द्यायला हवे. हीच परीक्षा विजेच्या साहाय्याने करणारे यंत्र घरच्या टेबलावर, सोल्डरिंग आयर्न आणि थोड्या सुट्या भागांतून तयार होते. मात्र त्याच्या आकड्यांचा अर्थ लावणे हे ते जोडण्यापेक्षा बरेच अवघड आहे.

बहुतेक हौशी मंडळी दोन खिळ्यांपासून सुरुवात करतात. क्षार विरघळलेल्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे ओल्या मातीत खिळ्यांमधला रोध घटतो. 2005 मध्ये इटलीतील इव्हरेआ येथे जन्मलेल्या आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट-फळ्यांपैकी ‘उनो’ या फळीला जोडल्यावर तो 0 ते 1023 या आकड्यांत वाचता येतो. परंतु खिळ्यांतून सतत एकदिश प्रवाह सोडला की विद्युत-अपघटन होऊन धन बाजूचा खिळा झिजू लागतो. खत टाकल्यावर तर मातीतले क्षार वाढतात आणि पाणी तेवढेच असूनही यंत्र ओल वाढल्याचे सांगते.

यावर उपाय म्हणजे धारकतेवर, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर, चालणारा संवेदक (सेन्सर). पाण्याचा सापेक्ष परावैद्युतांक (पदार्थ ही क्षमता निर्वाताच्या तुलनेत किती पट वाढवतो तो आकडा) सुमारे 80, कोरड्या मातीतील खनिजांचा साधारण 3 ते 5 आणि हवेचा 1 असतो, त्यामुळे मातीत थोडे पाणी वाढले तरी लेपाखाली झाकलेल्या तांब्याच्या पट्ट्यांची धारकता जाणवण्याइतकी वाढते. बाजारातल्या अशा स्वस्त संवेदक-पट्ट्यांवर, 1972 मध्ये विक्रीस आलेल्या 555 टायमर या चिपचाच एक कमी वीज खाणारा अवतार एकसारखी लाट निर्माण करतो. माती जितकी ओली, तितकी ती लाट दबते आणि बाहेर पडणारा व्होल्टेज उतरतो. आकडा मोठा म्हणजे माती कोरडी, हा उलटा हिशेब नवख्याला हमखास चकवतो. पट्टीच्या कापलेल्या कडांतून पाणी आत झिरपते, म्हणून त्यांवर नेलपॉलिशचे दोन-तीन हात द्यावेत.

खरी अडचण मात्र आपल्या मातीची आहे. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज असते. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते फुगते आणि पाणी गेले की आक्रसते, म्हणूनच उन्हाळ्यात रान भेगाळते. एखादी भेग नेमकी संवेदकाजवळून गेली, तर पट्टी आणि माती यांच्यात हवेचा थर येतो आणि शेजारचे ढेकूळ आतून ओले असतानाही यंत्र दुष्काळ जाहीर करते. त्यामुळे पट्टी मे महिन्यात ठोकून बसवू नये. वाफसा असताना त्याच मातीचा चिखल भोवती दाबून ती बसवावी आणि भेगा पडू लागल्या की जागा तपासावी.

आकड्यांना अर्थ देण्यासाठी संवेदकाजवळची माती तोलून 105 अंश सेल्सिअसला 24 तास वाळवतात आणि पुन्हा तोलतात. 125 ग्रॅमची 100 ग्रॅम झाली, तर ओल 25 टक्के. (ही भट्टी स्वयंपाकघरातली नसावी, एवढे घरच्यांच्या वतीने सांगतो.) वाळूमिश्रित जमिनीत 25 टक्के म्हणजे भरपूर पाणी, भारी काळ्या जमिनीत मात्र त्यातले बरेचसे पाणी चिकणमातीच्या कणांनी इतके घट्ट धरलेले असते की मुळांना ते ओढता येत नाही. म्हणून दुसऱ्याच्या रानातला तक्ता आपल्या रानात चालत नाही. त्यापेक्षा मुठीतला गोळा नीट फुटेल त्या दिवशीचा आकडा वहीत टिपून ठेवावा आणि असे आठ-दहा आकडे जमले की त्यांवरून वाफशाची सीमा आखावी.

या यंत्राला रिले (विजेने चालणारा स्विच) लावून मोटर आपोआप चालू करण्याचा मोह होतो. पण थ्री-फेज स्टार्टरची जोडणी हे जाणकार वायरमनचेच काम आहे आणि शेतातली वीज पाळीने येते. म्हणून माझ्या पेटीवर सध्या फक्त दोन एलईडी आहेत, एक हिरवा आणि एक लाल. लाल लागला की मी आधी खाली वाकून मूठभर माती उचलतो.