34 अंशांचा फरक

मे महिन्यात जालन्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात बसलो होतो. टेबलावर विहिरीच्या मोटारीच्या ऑटो-स्टार्टरचं बोर्ड होतं. कारागीर मुरलेला, टीव्ही-रेडिओपासून काम करणारा. त्याने सवयीने सोल्डरिंग आयर्न टेकवलं, पण सोल्डर, म्हणजे सुटे भाग बोर्डाला जोडणारा धातू, वितळेना. जरा दाबून, जास्त वेळ धरलं, तर भाग जिथे जोडतात तो तांब्याचा पॅडच बोर्डावरून उचकटून आला. चूक त्याच्या हाताची नव्हती. बोर्डाच्या कोपऱ्यात गोलात ‘पीबी’ (Pb, शिशाची रासायनिक खूण) अक्षरं होती आणि त्यांवर काट मारलेली होती. म्हणजे या सोल्डरमध्ये शिसं नाही.

जुनं सोल्डर 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसं. ते 183 अंश सेल्सिअसला एकदम वितळतं आणि तिथेच एकदम गोठतं, मध्ये लापशीसारखी अवस्थाच नाही. कारागिराला याहून सोपा धातू मिळणं कठीण. पण शिसं मेंदूला आणि मज्जासंस्थेला घातक, मुलांना तर फारच. सोल्डरिंगच्या धुरातून ते अंगात जातं असं अनेकांना वाटतं. तो धूर खरा सोल्डरच्या तारेतल्या राळेचा असतो. तोही छातीला वाईटच, पण शिसं शिरतं ते बोटांवरून तोंडात. तार दातात धरणारे किंवा हात न धुता भाकरी मोडणारे मी रोज पाहतो, आणि पोटात कालवतं.

युरोपने 1 जुलै 2006 पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशावर बंधन आणलं. आपल्याकडे ई-कचऱ्याच्या नियमांनी 1 मे 2014 पासून 0.1 टक्क्याची मर्यादा आली. निर्णय योग्यच होता. पण कागदावर धातू बदलणं आणि लाइनवर बदलणं यांत किती अंतर आहे, हे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत सोल्डरिंग लाइनवर काम करताना मला कळलं.

नवं सोल्डर म्हणजे 96.5 टक्के कथील, 3 टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं. ते 217 अंशांना वितळू लागतं. फरक 34 अंशांचा, पण सगळी ओढाताण तिथेच. सोल्डर नीट पसरायला भट्टीत बोर्ड साधारण 240 अंशांपर्यंत न्यावं लागतं, आणि बऱ्याच सुट्या भागांची सहनशक्ती 260 ला संपते. पूर्वी चुकायला ऐसपैस जागा होती, आता बोटभर उरली. पावसाळ्यात आणखी पंचाईत. आयसीच्या, म्हणजे चिपच्या, प्लास्टिकमध्ये हवेतली ओल मुरते, भट्टीत तिची वाफ होते आणि ज्वारीची लाही फुटावी तसा आयसी आतून तडकतो. म्हणून असे भाग आधी 125 अंशांवर काही तास भाजून, कोरडे करून घ्यावे लागतात.

किलोभर सोल्डरमध्ये 30 ग्रॅम चांदी, म्हणजे खर्चही आलाच. तो वाचवायला वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून बोर्ड नेणाऱ्या वेव्ह मशीनमध्ये बऱ्याच ठिकाणी नुसतं कथील-तांबं वापरतात, तर ते 227 ला वितळतं. शिवाय कथिलाचं प्रमाण वाढलं की ते लोखंड खाऊ लागतं. जुन्या मशीनच्या स्टेनलेस स्टीलच्या टाकीला खड्डे पडतात, म्हणून टायटॅनियमची किंवा लेप दिलेली टाकी लागते. दुकानातही तेच. आयर्नचं बिट, म्हणजे टोक, कानशीने घासायची जुनी सवय सोडावी लागते, कारण वरचा लोखंडाचा थर गेला की आतलं तांबं बघता बघता विरघळतं.

कथिलाची आणखी एक विचित्र खोड आहे. शुद्ध कथिलाच्या मुलाम्यावर आपोआप केसाहून बारीक धातूचे तंतू उगवतात, शेजारच्या पिनला टेकतात आणि शॉर्ट होतो. 1998 मध्ये गॅलेक्सी-4 हा दळणवळण उपग्रह बंद पडला, त्याचं कारण हेच मानलं जातं. थोडंसं शिसं मिसळलं की हे तंतू बहुतांशी आटोक्यात राहतात. कित्येक वर्षं आपण नकळत त्याच्या जिवावर निर्धास्त होतो.

नवा सांधा दिसायलाही मळकट, दाणेदार. शिकाऊ मुलं त्याला ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला सांधा, समजून पुन्हा गरम करतात आणि चांगला सांधा बिघडवतात. डोळाच नव्याने तयार करावा लागतो, आणि त्याला भट्टी बदलण्याहून जास्त वेळ लागतो.

जालन्याच्या त्या कारागिराकडे 25 वॅटचं साधं आयर्न होतं. जाड तांब्याला टेकलं की ते थंडच पडायचं. तुटलेल्या पॅडच्या जागी त्याने पातळ तार ओढली. बाकीचे सांधे सोडवायला जुनी शिशाची तार थोडी वितळवून मिसळली, त्याने वितळणबिंदू खाली येतो. स्टार्टर चालू झाला. पण त्या बोर्डात शिसं परत आलं, कोपऱ्यातली काट मात्र तशीच राहिली. उद्या हे बोर्ड भंगारात गेलं, तर ते फोडणाऱ्याला यात शिसं आहे हे कळणार कसं? निदान बोर्डावर मार्करने ‘शिसं’ एवढं लिहा, असं मी त्याला म्हणालो. त्याने लगेच लिहिलं.