बोटीचे भाडे कोणी भरले? परदेशी उच्च शिक्षणातील समान संधीची पार्श्वभूमी

वंचित समाजातील विद्यार्थ्यांना परदेशी विद्यापीठांची दारे खुली व्हावीत, त्यासाठी सरकारांनी, विद्यापीठांनी आणि दातृसंस्थांनी देशांच्या सीमा ओलांडून हातमिळवणी करावी, असे धोरण आज सर्वत्र मांडले जाते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या विषयाला जवळपास दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात प्रवेश मिळाला की नाही, यापेक्षा पैसे कोणी दिले आणि देताना काय अट घातली, हा प्रश्न अधिक वेळा निर्णायक ठरलेला दिसतो.

पहिली ठळक नोंद आनंदीबाई जोशी यांची. गोपाळराव कोल्हापुरात असताना त्यांनी पत्नीच्या वैद्यकीय शिक्षणासाठी वाइल्डर या अमेरिकी मिशनऱ्याला पत्र लिहिले. उत्तरात मदतीची तयारी होती, पण ती ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याच्या अटीसह, आणि जोशी दांपत्याने ती नाकारली. हा पत्रव्यवहार एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतील रोझेल या गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचला. पुढे त्यांच्याच घरी आनंदीबाईंची सोय झाली आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना पदवी दिली. विनाअट मदत मिळाली ती योगायोगाने, एका परक्या बाईच्या आपुलकीतून. त्यामागे कोणतीही योजना नव्हती.

योजना जिथे होती तिथे काय झाले, हे नाशिकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींच्या बाबतीत दिसते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या पदवी परीक्षेत इतक्या वर आल्या की इंग्लंडमध्ये शिकण्यासाठीची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती. ती स्त्रीला देता येणार नाही, असा निर्णय झाला. मग इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी जमवली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही वाटा होता, आणि १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या. कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ मध्ये दिली. पदवी मात्र हाती पडायला १९२२ साल उजाडले, कारण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्याचे मान्य केले तेच मुळी १९२० मध्ये. म्हणजे इथले सरकार आणि तिथले विद्यापीठ, दोघांचेही नियम एकाच बाजूला झुकलेले होते. याच काळात, १८९२ मध्ये, जमशेटजी टाटांनी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांकरिता कर्जाऊ शिष्यवृत्तीचा निधी उभारला. त्याच्या पहिल्या लाभार्थींत फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्री डॉक्टर होत्या, हे सहसा सांगितले जात नाही.

यापुढचा टप्पा सविस्तर पाहावा असा आहे. वडिलांच्या निधनानंतर काही महिन्यांतच, ४ जून १९१३ रोजी, भीमराव आंबेडकरांनी बडोदा संस्थानाशी करार केला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळायचे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची, असा तो करार होता. सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठीही आधी दरमहा पंचवीस रुपये दिलेले होते. कोलंबियात १९१५ मध्ये एम. ए. झाल्यावर ९ मे १९१६ रोजी त्यांनी एका परिसंवादवर्गात भारतातील जातींच्या उत्पत्तीवरील निबंध वाचला. तेथील अर्थशास्त्राचे प्राध्यापक सेलिग्मन यांच्या शिफारसपत्राने लंडनमधली वाट सोपी झाली. विद्यापीठाविद्यापीठांतील सहकार्य म्हणतात ते तेव्हा एका पाकिटात मावत असे. लंडनला अर्थशास्त्राचा अभ्यास आणि ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेत कायद्याचा, असे दोन्ही सुरू असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले.

कराराप्रमाणे ते बडोद्यात रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी मुसाफिरखान्यात उतरले. जेवणाखाण्यासह रोजचा दर दीड रुपया होता. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले पारशी जिना चढून आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा दम दिला. त्या दिवशी मुंबईची गाडी सुटेपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकून आलेल्या अधिकाऱ्याला संस्थानच्या राजधानीत खोली मिळत नव्हती. शिष्यवृत्तीच्या करारात परतल्यावर नोकरी करण्याचे कलम होते, मात्र त्या नोकरीच्या गावी राहता येईल का, याचा विचार कोणी केलेला नव्हता. आजच्या योजनाही विद्यार्थी परत आल्यानंतरच्या काळाबद्दल फारसे बोलत नाहीत, हे इथे नोंदवायला हरकत नाही. सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीतून शिल्लक टाकलेला पैसा, नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज आणि शाहू महाराजांची मदत यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. डी. एस्सी. आणि बॅरिस्टरी पूर्ण झाली ती या दुसऱ्या खेपेत.

स्वतः भोगलेली ही ओढाताण पुढे त्यांच्या धोरणात उतरली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन सादर केले. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे शिक्षण अस्पृश्य पालकांच्या ऐपतीबाहेरचे आहे, त्यासाठी सरकारने देशात आणि परदेशातही शिष्यवृत्त्या द्याव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. १९४४-४५ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर, १९५४-५५ मध्ये, परदेशी शिक्षणासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती योजना आली. संस्थानिकाच्या मर्जीवर चाललेली गोष्ट यामुळे सरकारी हक्काच्या जवळ आली. आकडा मात्र लहानच राहिला. २०२१-२२ पासून या योजनेत वर्षाला १२५ जागा आहेत: ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त व भटक्या जमातींसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी मंत्रालयाची वेगळी योजना आहे, तिच्यात वर्षाला २० जागा. महाराष्ट्राने २००३ मध्ये राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती सुरू केली. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या या योजनेतील जागांची संख्या वाढत वाढत ७५ पर्यंत गेली, आणि उत्पन्नमर्यादेच्या अटीवरून २०२० मध्ये व पुन्हा २०२४ मध्ये वाद झाले.

अटींपैकी एकीची नोंद स्वतंत्रपणे करायला हवी. २०२२ मध्ये राष्ट्रीय योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. अशा विषयांचे संशोधन देशातच करता येते, हा त्यामागचा युक्तिवाद होता. तो वरवर पटण्यासारखा आहे, पण आंबेडकरांचा जातींवरील ९ मे १९१६ चा निबंध या कसोटीवर टिकला नसता.

आंतरराष्ट्रीय भागीदारी हा शब्द आज ज्या अर्थाने वापरला जातो, तसा प्रयत्न गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आला. राष्ट्रकुल शिष्यवृत्तीची योजना १९५९ मध्ये ठरली. ती गुणवत्तेवर होती, वंचिततेचा निकष तिच्या मुळाशी नव्हता. फेलिक्स शिष्यवृत्तीने १९९० च्या दशकाच्या आरंभापासून ऑक्सफर्ड, लंडनमधील सोआस आणि रीडिंग या विद्यापीठांत भारतातील गरजू विद्यार्थ्यांची सोय केली. सर्वांत वेगळा प्रयोग फोर्ड फाउंडेशन या अमेरिकी दातृसंस्थेचा होता. २००१ ते २०१३ या काळात भारतासह २२ देशांतील व प्रदेशांतील चार हजार तीनशेहून अधिक जणांना त्यांनी पाठ्यवृत्ती दिली. निवड करताना उमेदवार कोणत्या समाजातून आला आणि त्या समाजासाठी त्याने काय केले, हे पाहिले जाई, आणि प्रवेशाआधी भाषा व संशोधनपद्धती शिकवण्याचा खर्चही योजनेतूनच होई. माझ्या मते या प्रयोगाचे खरे मर्म या शेवटच्या तरतुदीत होते.

कारण खर्च प्रवेशाच्या फार आधी सुरू होतो. इंग्रजीच्या परीक्षेची फी, प्रत्येक विद्यापीठाची अर्जाची फी, जातपडताळणी, तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला, आणि त्यावर शिष्यवृत्तीसाठी लागणारे विनाअट प्रवेशपत्र, जे अनेक विद्यापीठे अनामत भरल्याशिवाय देत नाहीत. शिष्यवृत्तीचा निकाल अनामतीच्या शेवटच्या तारखेनंतर लागला तर ज्याच्या घरी दोन लाख रुपये तयार आहेत तोच टिकतो. २०२५ मध्ये राष्ट्रीय योजनेत १०६ जणांची निवड झाली, पण निधीअभावी सुरुवातीला ४० जणांनाच तात्पुरती मंजुरीपत्रे दिली गेली. बाकीच्यांना सत्र तोंडावर आलेले असताना वाट पाहावी लागली. ही पोकळी भरण्याचे काम सध्या नागपूरच्या एकलव्य इंडिया फाउंडेशनसारख्या संस्था करतात. पहिल्या पिढीतील पदवीधरांना अर्ज लिहिण्यापासून मार्गदर्शन मिळते ते अशा ठिकाणी.

आता विद्यापीठेच इकडे येऊ लागली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये परदेशी विद्यापीठांच्या भारतातील संकुलांसाठी विनियम काढले आणि जून २०२५ मध्ये मुंबईत पाच संस्थांना नवी मुंबईतील संकुलांसाठी इरादापत्रे दिली गेली. त्यांत ॲबर्डीन, यॉर्क आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया ही विद्यापीठे आहेत. बोटीचे, म्हणजे आता विमानाचे, भाडे यात वाचते. फी ठरवण्याचा अधिकार मात्र संकुलांकडे आहे, भारतातील आरक्षण त्यांना लागू नाही आणि गरजूंना शिष्यवृत्ती द्यायची की नाही, हे विनियमांनी त्यांच्या इच्छेवर सोडले आहे.