नळवाहिन्यांचे संरक्षक विलेपन

पोलादी नळवाहिनीवर चढविलेला डांबर, बहुवारिक (पॉलिमर) किंवा जस्ताचा थर. अम्लीय माती किंवा पाणी यांच्या संपर्काने होणारे क्षरण (गंजणे) या थरामुळे मंदावते. ते पूर्णपणे थांबत नाही.

अम्लता आणि क्षरणवेग यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. व्हिटमन, रसेल व आल्टियेरी यांनी १९२४ साली दाखविल्याप्रमाणे सामू (pH; ७ हा उदासीन, त्याहून कमी तितका द्रव अधिक अम्लीय) साधारणतः ४ ते १० असताना साध्या पोलादाचा क्षरणवेग सामूवर नव्हे, तर ऑक्सिजन पृष्ठापर्यंत किती वेगाने पोहोचतो यावर ठरतो. सामू ४ च्या खाली गेल्यावर हायड्रोजन सुटू लागतो आणि वेग झपाट्याने वाढतो. पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड विरघळून बनणारे कार्बॉनिक अम्ल मात्र त्याच सामूच्या तीव्र अम्लापेक्षा पोलादाला अधिक खाते. या अम्लाचा रेणू पृष्ठावर थेट क्षपित होतो (इलेक्ट्रॉन घेतो), हे डी वॉर्ड व मिल्यम्स यांचे १९७५ मधील स्पष्टीकरण दीर्घकाळ प्रचलित होते. ते अम्ल केवळ हायड्रोजन आयनांचा साठा म्हणून वागते, हे नंतरचे मत आता अधिक ग्राह्य मानले जाते.

लेप पाणी व हवा अडवितो, ही समजूत जुनी आहे. केंब्रिज येथील मेन यांनी १९५० च्या सुमारास असे निदर्शनास आणले की, रंगाच्या पापुद्र्यांतून पाणी व ऑक्सिजन गंज चढण्यास पुरतील इतके झिरपतात; संरक्षण मिळते ते मुख्यतः पापुद्रा आयनांच्या प्रवाहास विरोध करतो म्हणून. त्यामुळे लेपाच्या जाडीइतकीच त्याची अखंडताही मोलाची ठरते.

डांबरी इनॅमलानंतर पॉलिएथिलिनाच्या फिती आल्या. १९६० च्या सुमारास तापवलेल्या नळावर भुकटी वितळवून चढविण्याचा एपॉक्सी लेप वापरात आला आणि पुढे त्यावर आसंजक (चिकटविणारा थर) व पॉलिएथिलीन चढवून त्रिस्तरी लेप तयार झाला. एपॉक्सीचा एकेरी थर सामान्यतः अर्ध्या मिमी.पेक्षा पातळ असतो, तर त्रिस्तरी लेप काही मिमी. जाड असतो.

लेपासोबत कॅथोडी संरक्षण (नळाकडे विद्युत् प्रवाह वाहवून क्षरण रोखणे) देतात, तेव्हा एक विसंगती उद्भवते. बाहेरची माती अम्लीय असली, तरी लेपाच्या छिद्रापाशी ऑक्सिजनाच्या क्षपणाने हायड्रॉक्साइड साचते व तेथील द्रव तीव्र अल्कधर्मी होतो. अशा ठिकाणचा फुगवटा सुरीने चिरल्यास आतल्या थेंबाने तांबडा लिटमस निळा होतो. या अल्कलीने पोलादावरील ऑक्साइडाचा थर विरघळतो की लेपाचे आसंजनच तुटते, याविषयी एकमत नाही. दोन्ही क्रिया एकाच वेळी चालत असाव्यात. लेप सुटूनही फाटला नाही, तर संरक्षक प्रवाह आत पोहोचत नाही. कॅनडात १९८५ च्या सुमारास फितीच्या लेपांखाली, कार्बन डाय-ऑक्साइड विरघळलेल्या जवळजवळ उदासीन पाण्यात ताण-क्षरणाच्या (ताण व क्षरण यांच्या एकत्रित परिणामाच्या) भेगा आढळल्या, त्यामागे हेच कारण सांगितले जाते. एपॉक्सी लेप सुटला तरी प्रवाह बहुधा पूर्णपणे अडवीत नाही, हा त्याचा गुण जाडीपेक्षा महत्त्वाचा समजावा.

गोव्यात जांभ्याची माती साधारणतः अम्लीय असते आणि वर्षाला सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडतो. अशा मातीचा सामू बहुधा ४ च्या वर असल्याने केवळ अम्लतेने नळ खाल्ला जातो असे म्हणता येत नाही. पावसाळ्यात ओलीने मातीचा विद्युत् रोध घटतो, चुनखडीसारखा संरक्षक थर टिकत नाही आणि जस्ताचा लेप लवकर झिजतो, ही कारणे अधिक संभवतात. खाजन (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या खारट) जमिनीची गोष्ट वेगळी आहे. तेथील काळ्या, खारट चिखलात सल्फेट-क्षपणकारी जंतू वाढतात. गंजाचा थर काळा असून त्यावर हायड्रोक्लोरिक अम्लाचा थेंब टाकताच कुजक्या अंड्याचा वास येत असेल, तर ते लोह सल्फाइड समजावे.

जांभ्याचे टोकदार खडे लेपात रुततात, म्हणून चर वाळूने आंथरून मगच नळ उतरविणे श्रेयस्कर. त्याआधी विद्युत्भारित ब्रश किंवा तारेचे वेटोळे नळावरून फिरवितात. छिद्र आले की तेथे ठिणगी कडाडते व खूण करून ती जागा पुन्हा लेपतात. वितळजोडावर (वेल्डिंगच्या सांध्यावर) मोक्यावरच चढविलेली आकुंचनशील बाही (उष्णतेने आवळणारे वेष्टन) हा बहुधा सर्वांत कच्चा दुवा असतो, कारण पावसात पृष्ठ कोरडे व स्वच्छ ठेवणे अवघड जाते.

नळाच्या आतील बाजूस सिमेंटचा गिलावा देतात. त्याची अल्कधर्मिता पोलादावर निष्क्रिय (क्षरण रोखणारा ऑक्साइडाचा) थर राखते. परंतु जांभ्यातून येणारे मृदू, किंचित अम्लीय पाणी त्यातील चुना हळूहळू काढून नेते.