दहा हजारांमागे रोज एक: विस्थापितांचे मृत्यू मोजायची पद्धत आली कुठून

सुदानमध्ये अल फाशेर शहराच्या बाजूला झमझम नावाचा विस्थापितांचा मोठा कॅम्प होता. होता म्हणायचं कारण एप्रिल २०२५ मध्ये निमलष्करी दलाने तो ताब्यात घेतला आणि लोक पुन्हा पळाले. त्याच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, तिथल्या सर्व्हेचा एक आकडा बातम्यांत आला होता, दहा हजारांमागे रोज अडीच मृत्यू. वाचणाऱ्याला वाटतं अडीचच ना, एवढं काय त्यात. पण कॅम्पात तीन लाख माणसं धरली तर हे रोजचे ७५ होतात. आणि आपल्याकडे भारताचा मृत्युदर हजारी वर्षाला ६ च्या आसपास असतो, तो याच मापात बसवला तर दहा हजारांमागे रोज ०.१६ येतो. म्हणजे पंधरापट. हे माप असं विचित्र का आहे आणि कुठला आकडा "वाईट" म्हणायचा हे कोणी ठरवलं, त्याची ही पार्श्वभूमी.

आधी रोजचं का ते सांगतो. जनगणनेच्या हिशोबात हजारी-दरवर्षी चालतं कारण गाव तिथेच असतं, लोकही तेच असतात. कॅम्पात वर्षभर थांबून गणित करायचं म्हणजे माणसं मेल्यावर वैद्य बोलावण्यातला प्रकार, तिथे सगळा खेळ तीन-चार आठवड्यांचा असतो. सुरुवातीला हजारी-दरमहा मोजायचे, १९९० च्या आसपास दहा हजारी-दररोज हे माप रुळलं. पाच वर्षांखालच्या मुलांचं वेगळं मोजतात, कारण पहिली जातात ती तीच.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. १९६८-७० च्या बियाफ्रा युद्धात (नायजेरियातलं) साथरोगवाले लोक पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मदतीच्या कामात उतरले, मुलांचा दंड मोजून कुपोषण ओळखायची काठी तिथलीच. १९७१ ला पूर्व पाकिस्तानातून कोटीभर लोक भारतात आले, ज्यांच्याकडे जुनी पत्रं आहेत त्यांनी त्यावरचं पाच पैशांचं जादाचं रेफ्युजी रिलीफचं तिकीट पाहिलं असेल. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या कॅम्पात सलाईन संपली आणि मीठ-साखरेचं पाणी पाजायला सुरुवात झाली, कॉलऱ्याने मरणाऱ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ च्या खाली आलं, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पण लक्षात घ्या, तो दर दवाखान्यापर्यंत पोचलेल्यांमधला आहे. तंबूत किंवा रस्त्याच्या कडेला गेलेले त्यात नाहीत. कॅम्पाचा मृत्युदर काढायचा तर अंश पण पाहिजे आणि छेद पण, किती मेले आणि किती होते, आणि अख्खी भानगड या दोनच आकड्यांची आहे.

१९७९ च्या ऑक्टोबरात थायलंडच्या हद्दीत साकेओला तीसेक हजार कंबोडियन लोक आणले, तिथे आजार आणि मृत्यूंची पद्धतशीर नोंद झाली आणि पुढच्यांना नमुना मिळाला. मग ऐंशीच्या दशकात सोमालिया, पूर्व सुदान, इथिओपिया. तिथे कळलं की मारतंय कोण, तर गोवर, जुलाब, न्यूमोनिया, मलेरिया आणि या सगळ्यांच्या मुळाशी उपासमार. बंदुकीची गोळी यादीत बरीच खाली.

अंश गोळा करायच्या युक्त्या याच काळातल्या. दवाखान्याचं रजिस्टर उपयोगाचं नाही कारण बहुतेक मृत्यू तंबूतच होतात. मग कब्रस्तानावर माणूस बसवायचा, दिवसरात्र पाळीने, आणि रोज किती नवीन कबरी, त्यातल्या किती लहान, हे लिहून घ्यायचं. लहान कबर म्हणजे मूल. तरी आकडे कमीच यायचे कारण घरातलं कोणी गेलं असं सांगितलं की रेशनकार्डावरचं एक तोंड कमी होतं, आणि उपाशी घर ते कशाला सांगेल. यावर तोड म्हणून कफनाचं कापड फुकट द्यायला लागले. मृत्यू कळवा, कापड घेऊन जा. रेशन जाण्याच्या भीतीसमोर पांढरं कापड, असा तो सौदा. काही कॅम्पात चालला, काही ठिकाणी नाही चालला.

नंतर १९९४ चा गोमा, रवांडाच्या सीमेवरचं शहर. जुलैत रवांडातून पाच लाख ते आठ लाख लोक चार-पाच दिवसांत सीमा ओलांडून तेव्हाच्या झैरेमध्ये (आजचा काँगो) आले, खाली ज्वालामुखीचा काळा दगड, ना खड्डा खणता येतो ना संडास, प्यायला किवू तलावाचं पाणी. कॉलरा आला, पाठोपाठ हगवण. कबरी खणता येईनात म्हणून लोक प्रेतं रस्त्याकडेला आणून ठेवायचे आणि ट्रक उचलून न्यायचे, त्यामुळे इथे अंश बऱ्यापैकी पक्का मिळाला, १४ जुलै ते १४ ऑगस्टमध्ये ४८ हजारांच्या वर. आणि छेद? पाच लाख की आठ लाख यावरच एकमत नाही. पाच धरले तर दहा हजारांमागे रोज ३१ येतात, आठ धरले तर २० च्या खाली. शेकडो पत्रकार, डझनावारी संस्था हजर होत्या आणि माणसं किती हे कोणाला नक्की सांगता येत नव्हतं. गोमानंतरच मदतवाल्यांनी एकमेकांत किमान मानकं ठरवायला घेतली, एक मसुदा, मग हँडबुक, मग त्याच्या आवृत्त्या.

त्या हँडबुकांतून "एक"चा आकडा घट्ट झाला, दहा हजारांमागे रोज एक ओलांडला की आणीबाणी, लहान मुलांसाठी दोन. आला कुठून? तर गरीब आफ्रिकी देशांत नेहमीचा दर अर्ध्याच्या आसपास होता, त्याची दुप्पट केली. बस्स. त्यामागे फार गहन असं काही नाही. कामाला सोपा, लक्षात राहणारा, आणि आफ्रिकेच्या कॅम्पात ठीकच.

पण मग कोसोवो. १९९८-९९ च्या युद्धावर नंतर सर्व्हे झाला, तर एरवीचा दर हजारी-दरमहा ०.३१ होता आणि युद्धाच्या काळात तो ०.७२ झाला. आपल्या मापात ०.२४. म्हणजे सरासरीने बघितलं तर "आणीबाणीच्या" रेषेच्या पावच्या आसपास, एप्रिल १९९९ च्या एका महिन्यात तेवढी रेषा जेमतेम ओलांडली. प्रत्यक्षात मृत्यू दुपटीहून जास्त वाढलेले. साधारण १२ हजार माणसं गेली असा अंदाज आहे, आणि त्यात मुलं कमी, पुरुष जास्त, पन्नाशीच्या पुढचेसुद्धा. आफ्रिकेतल्या कॅम्पावर बेतलेली पट्टी युरोपात लावली की असं होतं. २००४ च्या हँडबुकात मग प्रदेशवार रेषा आल्या, सहाराच्या दक्षिणेला ०.९, दक्षिण आशियाला ०.५, मध्यपूर्वेला ०.३. तत्त्वाने बरोबर. पण याचा अर्थ दोन वेगळ्या कॅम्पांत सारखेच लोक मरत असले तरी एकाला आणीबाणी म्हणायचं आणि दुसऱ्याला नेहमीचंच. हे मला आजही नीट पचत नाही, आणि दुसरा उपायही दिसत नाही.

इथून पुढे सगळी मारामारी "नेहमीचं" या एका शब्दावर आहे. कोविडमुळे "जादा मृत्यू" हा शब्द आपल्याकडेही घराघरात गेला, भारतात २०२०-२१ मध्ये ४७ लाख जादा मृत्यू असा जागतिक अंदाज आला आणि सरकारने तो फेटाळला, ते वादावादीचं नाटक आठवत असेल. जादा म्हणजे एरवी मेलेच असते त्यांच्यावर आणखी किती. एरवी किती मेले असते याला बेसलाइन म्हणतात. आणि जिथे जन्ममृत्यूची नोंदच नसते तिथे ही बेसलाइन कोणीतरी ठरवावी लागते.

काँगोत नेमकं हेच झालं. ऑगस्ट १९९८ मध्ये दुसरं युद्ध पेटलं. एका अमेरिकन मदतसंस्थेने २००० मध्ये पूर्व काँगोत सर्व्हे करून सांगितलं की २२ महिन्यांत १७ लाख जादा मृत्यू झाले. तोपर्यंत या युद्धाकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. मग आणखी सर्व्हे, आकडा चढत गेला, आणि पाचव्या सर्व्हेनंतर २००८ च्या जानेवारीत जाहीर झालं, १९९८ ते एप्रिल २००७ पर्यंत ५४ लाख. दुसऱ्या महायुद्धानंतरचा सगळ्यात प्राणघातक संघर्ष, हे वाक्य तेव्हापासून प्रत्येक लेखात येतं, आणि तिथे सहसा "जादा" हा शब्द गळतो आणि "मारले गेले" होतं. प्रत्यक्षात या सर्व्हेंनुसार दहातला एकसुद्धा मृत्यू थेट हिंसेने नव्हता, शेवटच्या फेरीत तर एक टक्काही नाही. बाकी सगळे मलेरिया, जुलाब, न्यूमोनिया, बाळंतपणं. दवाखाना जळाला, नर्स पळाली, रस्ता बंद, आणि पोराला साधा ताप.

यावर २०१० मध्ये एका कॅनेडियन संशोधन गटाने मोठाच आक्षेप घेतला. त्यांचे दोन मुद्दे होते. पहिल्या दोन सर्व्हेंत जागा निवडल्या त्या अख्ख्या भागाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या नव्हत्या, हा एक. दुसरा बेसलाइनचा. सर्व्हेवाल्यांनी नेहमीचा दर हजारी-दरमहा १.५ धरला होता, जो सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेची सरासरी. आक्षेपवाले म्हणाले की काँगो सरासरी देश कधी होता? युद्धाच्या कितीतरी आधीपासून तिथला कारभार मोडलेला, सरकारी दवाखान्यात पगार नाही, औषध नाही, रस्ते जंगलाने गिळलेले. युद्ध झालं नसतं तरी तिथे जास्तच लोक मेले असते. म्हणून १.५ च्या जागी २ धरा. एवढाच बदल केला तर शेवटच्या तीन सर्व्हेंच्या काळातले २८ लाख ३० हजार जादा मृत्यू खाली येऊन ८ लाख ६० हजारांवर येतात. हजार माणसांमागे महिन्याला अर्धा मृत्यू इकडून तिकडे, आणि हिशोबातून जवळपास वीस लाख माणसं गायब.

गंमत म्हणायची तर (गंमत नाहीच खरं तर) दोन्ही बाजूंना स्वतःचा आकडा सिद्ध करता येत नव्हता. काँगोत शेवटची जनगणना झाली १९८४ ला. मग १.५ चूक आणि २ बरोबर हे ठरवणार कशावरून? माझं मत विचाराल तर आक्षेप तांत्रिकदृष्ट्या रास्त होता, आफ्रिकेची सरासरी काँगोला लावणं म्हणजे पुण्याचा पाऊस धरून जैसलमेरची शेती करणं. पण आक्षेपाचा वापर ज्या प्रकारे झाला तो रास्त नव्हता. "५४ लाख खोटं" एवढंच लोकांनी उचललं, आणि जणू काही घडलंच नव्हतं अशी भाषा सुरू झाली. शिवाय एक जास्त अवघड प्रश्न कोणी विचारला नाही, की वीस वर्षांच्या लुटीने दवाखाने मोडले आणि त्यात माणसं मेली, तर ती "नेहमीची" कशी? बेसलाइन निवडली की दोष कुठल्या काळाच्या माथी मारायचा हेही निवडलं जातं. सर्व्हेच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नसतो.

फॉर्मचा विषय निघालाच आहे तर तेही. सर्व्हे म्हणजे साधारण तीस क्लस्टर, म्हणजे निवडलेल्या घरांचे तीस गट, ही पद्धत मुळात लसीकरणाच्या पाहणीतून उसनी घेतलेली. क्लस्टरच्या मधोमध उभं राहायचं, जमिनीवर पेन गरकन फिरवायचं, टोक जिकडे थांबेल त्या दिशेला चालायचं आणि लॉटरीने पहिलं घर धरायचं. मग तिथल्या बाईला विचारायचं, आज घरात कोण कोण आहे, तीन महिन्यांपूर्वी कोण कोण होतं, मधे कोण जन्मलं, कोण आलं, कोण गेलं, कोण वारलं. तारखा कोणाला आठवत नाहीत म्हणून सोबत स्थानिक कॅलेंडर, रमजान, पेरणी, अमुक गाव जळालं तो दिवस. आणि सगळ्यात मोठं भोक हेच की जे घर अख्खं संपलं तिथे दार उघडायला कोणी नाही, ते मोजणीत येतच नाही.

दारफुरमध्ये, म्हणजे सुदानच्या पश्चिम भागात, आकड्यांचं दुसरंच झालं. २००४ च्या मध्यावर यूएनच्या आरोग्यशाखेने कॅम्पांत सर्व्हे केला, दहा हजारांमागे रोज उत्तर दारफुरात १.५, पश्चिमेत २.९, कलमा कॅम्पात ३.८. त्यावरून महिन्याला दहा हजारांपर्यंत मृत्यू असा अंदाज आला आणि मार्च ते ऑक्टोबर मिळून ७० हजार. हा आकडा फक्त पोचता आलेल्या कॅम्पांतला, तोही मुख्यतः आजारांचा, गावं जाळताना मेलेले त्यात नाहीत. बातम्यांत मात्र ७० हजार म्हणजे दारफुरचे एकूण मृत्यू असंच छापून यायला लागलं, दोन-चार महिने तसंच. मार्च २००५ मध्ये यूएनच्या एका बड्या अधिकाऱ्याने महिना दहा हजार गुणिले अठरा महिने करून १ लाख ८० हजार सांगितले. २००८ मध्ये त्यांच्या जागी आलेल्याने तीन लाख म्हटलं आणि वर हेही कबूल केलं की याला फारसा शास्त्रीय आधार नाही. २०१० मध्ये ६३ सर्व्हे एकत्र करून नीट अभ्यास आला, त्यातही जवळपास तीनच लाख निघाले, पण शक्यतेची व्याप्ती पावणेदोन लाख ते साडेचार लाखांच्या वर. आणि ८० टक्क्यांहून जास्त मृत्यू आजारांचे. छापताना व्याप्ती कोणी छापत नाही.

हल्लीच्या दहा-पंधरा वर्षांत प्रश्न बदललाय, कारण सर्व्हेला जायलाच मिळत नाही. दुष्काळ जाहीर करायला जागतिक पातळीवर जे निकष आहेत त्यात मृत्यूचा निकष आहे दहा हजारांमागे रोज दोन. म्हणजे आणीबाणीच्या रेषेची पुन्हा दुप्पट. झमझमचा अडीच त्याच्याही वर होता, तरी दुष्काळ जाहीर व्हायला १ ऑगस्ट २०२४ उजाडला. मधले सहा महिने पुरावे गोळा करण्यात गेले, रस्ते बंद, फोन बंद, आणि सुदान सरकार तर दुष्काळ आहे हेच मानत नव्हतं.

मग आडमार्ग निघाले. येमेनमधल्या एडनला २०२० मध्ये उपग्रहाच्या फोटोंवरून कब्रस्तानं वाढलेली मोजली, ऐंशीच्या दशकातल्या राखणदाराचंच काम, फक्त आकाशातून. बांगलादेशात २०१७ च्या नोव्हेंबरात रोहिंग्या कॅम्पांत विचारपूस करून सीमेपलीकडे म्यानमारमध्ये काय झालं ते काढलं, २५ ऑगस्टपासूनच्या एका महिन्यात हिंसेने कमीत कमी ६,७०० मृत्यू. आणि सुदानची राजधानी खार्तूमसाठी तीन वेगवेगळ्या याद्या घेतल्या, सोशल मीडियावरच्या श्रद्धांजल्यासुद्धा, आणि एकच नाव किती याद्यांत सापडतं यावरून कुठल्याच यादीत नसलेले किती असतील याचा अंदाज बांधला. एप्रिल २०२३ ते जून २०२४ मध्ये एकट्या खार्तूम राज्यात ६१ हजारांवर मृत्यू, त्यातले २६ हजार हिंसेने, आणि दहातल्या नऊ मृत्यूंची नोंद कुठेच नाही. हीच पद्धत बाकी सुदानला लावायला गेले तर जमलं नाही. तिथल्या याद्यांत एकमेकांशी जुळणारी नावंच पुरेशी नव्हती.